बिनभोकांची बटणं

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे. टेप म्हटल्यावर तुमच्या घरातल्या मोठ्यांना गाणी आठवतील आणि त्यांची निराशा होईल. मी गात नाही. मी कपडे शिवणाऱ्यांचा टेप. साठ इंच लांब, एका अंगाला इंच, दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. त्यातली एक टोपी केव्हाच पडली. एक ते चार हे आकडे बोटांनी घासून पुसट झाले आहेत, पण माझ्या मालकिणीला ते वाचायची गरज कधी पडली नाही. माझी हकिगत ऐकून तुम्ही मला शहाणा म्हणाल की घातकी, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझं मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. काचेच्या बारीक धाग्यांची पट्टी, तिच्यावर पिवळा लेप आणि लेपावर काळे आकडे. आम्हा प्रत्येकाला एका पोलादी पट्टीशेजारी आडवं करून तपासत. जो केसभर चुकला तो टोपलीत जाई. तपासणाऱ्या बाईंनी मला दोन्ही टोकांना धरून चांगलं ओढलं, पुन्हा मोजलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा ताणला जात नाही बघ." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. त्या एका वाक्याचा मला पुढे इतका ताठा चढला की काही विचारू नका.

मग शिवणसामानाच्या दुकानात मी काही महिने खिळ्याला लटकत काढले. एके दिवशी एक बाई आल्या, त्यांनी पाच टेप एकाशेजारी एक धरून पाहिले आणि मला उचललं. दुकानदाराने पिशवी पुढे केली तर म्हणाल्या, "पिशवी कशाला? याला गळ्यातच राहायचंय." तेव्हापासून बावीस वर्षं त्यांचा गळा हेच माझं घर आहे.

दुकान दोन बहिणींचं. खाली दुकान, वर दोन खोल्या, मधे तेरा पायऱ्या. थोरलीला सगळे ताई म्हणत. धाकटी ती माझी मालकीण; तिचं लहानपणी पडलेलं नाव छोटी, ते छप्पन्नाव्या वर्षीही सुटलं नव्हतं. गिऱ्हाइकं तिला छोटी मावशी म्हणायची. छोटी माप घ्यायची, कापड बेतायची, कापायची आणि मशीनवर बसायची. ताई काजं करायची, बटणं लावायची, हातशिलाई घालायची. ताईची नजर अधू झाली होती, पण बोटं अशी तयार की बटण उचलताच ते दोन भोकांचं की चार भोकांचं हे तिला न बघता कळे. शाळांचे गणवेश, दवाखान्यातल्या परिचारिकांचे पोशाख, कचेरीतल्या लोकांचे शर्ट, थंडीचे कोट, सगळं आमच्याकडून जायचं.

आता एक गंमत सांगतो. मोठ्या दुकानांत कापडाचा पुतळा असतो. शिवलेला कपडा त्याच्यावर चढवून कुठे झोळ येतो, कुठे ओढतं ते बघतात. आमच्याकडे पुतळा नव्हता. ते काम छोटी करायची. छाती छत्तीस, कंबर तीस, पाठ साडेचौदा. मी तिच्या गळ्यात पडलो त्या दिवसापासून या तीन आकड्यांत पाव इंचाचा फरक पडला नव्हता. दुकानातले सगळे कागदी नमुने तिच्याच अंगावर बेतलेले. ताई तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती फिरायची आणि दातांतूनच म्हणायची, "हलू नकोस गं!"

"पुतळा हलत नाही," छोटी म्हणायची. "पण पुतळ्याला खाज येते त्याचं काय करायचं?"

मग ताई हसायची, एखादी टाचणी खाली पडायची आणि दोघी लोहचुंबक घेऊन ती शोधायच्या. केराची टोपलीसुद्धा चुंबक फिरवल्याशिवाय रिकामी व्हायची नाही. ते काम ताईचं. चिंधीचिंधी उलटून बघायची तिला सवयच होती. ही टोपलीची गोष्ट लक्षात ठेवा.

अशी सुखाची वर्षं गेली. आणि एका थंडीत, सकाळी, छोटीला मला खुंटीवरून काढता येईना.

खुंटी तिच्या डोक्याच्या उंचीवर. हात खांद्यापर्यंत येई आणि तिथेच अडे. दोन्ही खांदे, दोन्ही मांड्या, सगळं लाकूड झाल्यासारखं. अंथरुणात कूस बदलताना ती कण्हायची हे ताईने नंतर सांगितलं. दुपारी जरा सैल व्हायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. ताई म्हणायची, "काम जास्त झालंय. शेक दे." शेक झाला, मलमं झाली. एका सकाळी छोटीला स्वतःचे केस विंचरता आले नाहीत, तेव्हा ती डॉक्टरांकडे गेली. गणवेशांच्या कामाची गर्दी होती, दुकान उघडं ठेवायला ताई मागे थांबली. मला मात्र गळ्यातून काढायला छोटी विसरली. म्हणून त्या खोलीत काय बोलणं झालं ते आम्हा दोघांनाच माहीत.

डॉक्टर वयस्कर बाई होत्या. रक्ताचा कागद वाचून त्या म्हणाल्या, "हा कामाचा थकवा नाही. आतून सूज आहे. पन्नाशीनंतर होतं काहींना. यावर स्टेरॉइडची गोळी द्यावी लागेल."

"स्टेरॉइड? ती दंड फुगवणारे घेतात ती?"

"ती निराळी. ही तुमच्या शरीरात रोज तयार होणाऱ्या एका रसाची बहीण आहे. सकाळी न्याहारी झाल्यावर चार गोळ्या एकदम. रिकाम्या पोटी नाही. भूक वाढेल, झोप कमी होईल, चिडचिड होईल. चेहरा गोल होईल, अंगावर चढेल. साखर आणि रक्तदाब मी तपासत राहीन. हाडांसाठी ही दुसरी गोळी सोबत. आणि दर महिन्याला थोडी थोडी कमी करत आणू. वर्ष लागेल, कदाचित दीड."

"आणि मधेच बरं वाटलं की बंद करायची ना?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "नाही. हेच नीट ऐका. मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. तो रस त्या करतात. त्याच्या जोरावर आपण आजारपणात, धक्क्यात तग धरतो. बाहेरून आयता रस मिळायला लागला की त्या काम सोडून झोपतात. गोळी हळूहळू कमी केली तर त्या हळूहळू उठतात. एकदम बंद केली तर आतही नाही आणि बाहेरूनही नाही. अशात साधा ताप आला, जुलाब-उलट्या झाल्या, तरी जिवावर बेतू शकतं. उलटीमुळे गोळी पोटात टिकली नाही तर घरी थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. हे कार्ड सतत जवळ ठेवा. आणि घरात सांगून ठेवा."

"सांगते," छोटी म्हणाली.

ती सांगणार नाही हे मला तिथेच कळलं. मानेवर राहून राहून माणूस कळतो, मित्रांनो. ताईला काळजी करायचं वेड होतं; छोटी शिंकली तरी ती पंखा बंद करायची. घरी आल्यावर छोटीने एवढंच सांगितलं, "खांद्याच्या दुखण्याची गोळी आहे. रोज घ्यायची." आणि ते कार्ड तिने जुन्या पांढऱ्या बटणांच्या डब्यात अगदी तळाशी सरकवलं. हरवू नये असं काहीही ती लहानपणापासून तिथेच ठेवायची.

गोळीने कमाल केली. तिसऱ्या दिवशी सकाळी छोटीने हात वर केला आणि मला खुंटीवरून असं खेचलं की माझी उरलेली टोपी भिंतीवर आपटली. "ताई, बघ! बघ हात!" ती ओरडली. दोघी बहिणी मशीनपाशी उभ्या राहून रडल्या. मलाही रडता आलं असतं तर मी रडलो असतो. त्या गोळीबद्दल आज मी कितीही तक्रारी केल्या तरी ही गोष्ट विसरणार नाही. तिने माझ्या मालकिणीला तिचे हात परत दिले होते.

पण डॉक्टरांनी सांगितलेलं बाकीचंही एकेक करून आलं. अकरा वाजले की छोटीला कडकडून भूक लागे. पहाटे चारला डोळे टक्क उघडत. ज्या गिऱ्हाइकांशी ती बावीस वर्षं गोड बोलली, त्यांच्यावर खेकसू लागली आणि मग कोपऱ्यात जाऊन डोळे पुसू लागली. टेबलाचा कोपरा नुसता लागला तरी हातावर जांभळा डाग पडे. मानेमागे, जिथे माझा तिसावा इंच विसावतो, तिथे एक मऊ उंचवटा आला. चेहरा गोल झाला. चार गोळ्यांच्या तीन झाल्या, तिनांच्या दोन झाल्या, पण अंग काही उतरेना.

आणि इथून माझा गुन्हा सुरू होतो.

रविवारी दुकान बंद असे. दुपारी ताई वर पडली की छोटी खाली येऊन आरशासमोर उभी राही आणि मला स्वतःच्या कमरेभोवती फिरवी. मापाच्या वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने आकडा लिही. एकतीस. साडेएकतीस. तेहतीस. साडेचौतीस. तिचा वजनकाट्यावर विश्वास नव्हता, आरशावर नव्हता, लोकांच्या बोलण्यावर तर नव्हताच. तिचा विश्वास माझ्यावर होता. साडेचौतीसच्या जागी मी तीस कसं सांगू? एका रविवारी मी मनाशी ठरवलं की आज ताणायचं. पुरता जोर लावायचा. अर्धा इंच तरी कमी दाखवायचा. पण नाही जमलं. मी ताणला जात नाही. याच गुणासाठी तर तिने पाच टेपांतून मला निवडलं होतं. तिने आकडा लिहिला आणि वही मिटली.

एकदा एका शाळेच्या बाई गणवेशांचं सांगायला आल्या आणि म्हणाल्या, "छोटी मावशी, चेहरा काय भरलाय हो! खाणं चांगलं मानवलेलं दिसतंय." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. छोटीने हसून मान डोलावली. त्या गेल्यावर तिने वहीचं शेवटचं पान उघडून सगळे आकडे पुन्हा वाचले.

मग तो कोट आला. छत्तीस छातीचा, कचेरीतल्या बाईंचा. ताईने नेहमीप्रमाणे तो छोटीच्या अंगावर चढवला. पुढच्या पट्ट्या एकमेकींपर्यंत पोहोचेनात. तोंडातल्या टाचण्या ताईने एकेक करून टाचण्यांच्या छोट्या गादीत खोचल्या, आणि पुढच्या आठवड्यात एका बंद पडलेल्या दुकानातून पुतळा घेऊन आली. राखाडी कापडाचा, लोखंडी पायाचा, मुंडकं नसलेला. छोटीला उभं राहायला त्रास होतो, तिला आराम मिळावा, एवढंच तिच्या मनात होतं. पण तिने तसं म्हटलं नाही. ती म्हणाली, "हा बरा. तासन् तास उभा राहतो."

त्या संध्याकाळी ताई वर गेल्यावर छोटीने मला त्या पुतळ्याभोवती गुंडाळलं. छाती छत्तीस. कंबर तीस. पाठ साडेचौदा. तिने पुतळ्याच्या खांद्यावर थाप मारली. "शाबास," ती म्हणाली. मी बावीस वर्षांत तिचा तो आवाज कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर तिने पाकिटातून दोन गोळ्या फोडल्या, ताई चहाचं भांडं घासत होती तेवढ्यात ती एकटीच खाली आली आणि तिने त्या जुन्या बटणांच्या डब्यात टाकल्या.

डब्यातच का? टोपलीत टाकल्या असत्या तर चुंबक फिरवताना ताईला दिसल्या असत्या. मोरीत टाकायला तिचं मन धजावेना. औषध आहे, कधी लागलंच तर असावं. गोळ्या पांढऱ्या, गोल, कॉलरच्या बटणाएवढ्या. शेकडो पांढऱ्या बटणांत त्या अशा मिसळल्या की मलाही वेगळ्या काढता आल्या नसत्या. ताई रोज संध्याकाळी पाकीट बघायची. दोन घरं रिकामी झालेली दिसली की तिचा जीव भांड्यात पडायचा. "घेतलीस ना?" "घेतली की." झालं.

दुखणं गेलंय, आता ही गोळी मला नुसती फुगवतेय, असा छोटीचा हिशेब. डॉक्टरांचे शब्द तिने ऐकले होते. मीही ऐकले होते. पण तिला ते विसरता आले, मला येत नव्हते. रोज सकाळी डब्याचं झाकण वाजायचं आणि मी तिच्या गळ्यात लोंबकळत असायचो. गळ्यात असून गळा नसणं म्हणजे काय, ते तुम्हाला कसं सांगू? मी घसरून तिच्या पायात पडून पाहिलं. तिने उचललं, झटकलं आणि पुन्हा गळ्यात घातलं.

पाचव्या-सहाव्या दिवशी खांदे पुन्हा धरले. तिने हवेला दोष दिला. जेवण जाईना. खुर्चीतून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येई. पायऱ्या चढताना ती सातव्या पायरीवर बसू लागली. आणि रविवारी मी चौतीस सांगितलं. अर्धा इंच कमी! ती किती हसली म्हणून सांगू. "उतरतंय," ती मला म्हणाली, खरंच मलाच म्हणाली. ते उतरणं कसलं होतं हे मला कळत होतं आणि मी खरा आकडा दाखवून तिला खोट्यात ढकलत होतो. त्या दिवशी मला माझ्या अचूकपणाची लाज वाटली.

अकराव्या दिवशी सकाळी तिला जुलाब सुरू झाले. गल्लीत बऱ्याच जणांना झाले होते, दोन दिवसांत बरेही झाले होते. मग उलट्या. अंगात ताप. "मीठ-साखरेचं पाणी घे आणि पडून राहा," ताई म्हणाली. पण एका कोटाचं कापड टेबलावर पसरलेलं होतं. छोटी खाली आली, कात्री हातात घेतली आणि भर दुपारी, टेबलाच्या कडेला धरत धरत, खाली बसली. तिच्या मानेची नाडी माझ्या चोविसाव्या इंचाखाली लागते. ती इतकी जलद आणि इतकी बारीक झाली होती की मला मोजता येईना. ज्याचा जन्म मोजण्यात गेला, त्याला ते मोजता आलं नाही.

ताईची किंकाळी ऐकून शेजारच्या चष्म्यांच्या दुकानातला चष्मेवाला धावत आला. त्याने आणि ताईने मिळून तिला त्याच्या गाडीत घातलं. इस्पितळात एका परिचारिकेने मला तिच्या गळ्यातून सोडवलं आणि ताईच्या हातात दिलं. ताईने सवयीने मला स्वतःच्या गळ्यात टाकलं. तिला ते कळलंसुद्धा नाही.

तरुण डॉक्टरांनी सलाईन लावलं. एक बाटली गेली, दुसरी लावली. रक्तदाब वर येईना. त्यांनी ताईला बाजूला घेतलं. "कसली औषधं चालू आहेत यांना?"

"खांद्याच्या दुखण्याची गोळी घेते."

"कुठली? नाव?"

"नाव… पांढरी आहे. छोटी. रोज घेते हो, एकही दिवस चुकवत नाही. मी स्वतः पाकीट बघते."

घेत नाही! मी ओरडलो. अकरा दिवस घेतलेली नाही! पण माझं ओरडणं म्हणजे काय? ताईच्या छातीवर माझं एक टोक जरासं हललं, ते तिच्याच धापेने.

"घरी जे काही असेल ते आणा," डॉक्टर म्हणाले. "पाकीट, कागद, कार्ड, सगळं. आणि लवकर."

चष्मेवाल्याने गाडी अशी हाकली की ताईने दोनदा दरवाजा घट्ट धरला. दुकानात शिरताच तिने खण उघडला. पाकीट मिळालं. कागद नाही. वरच्या खोलीत जाऊन आली, नाही. ती दारापर्यंत गेली. निघाली. नुसतं पाकीट घेऊन निघाली. मित्रांनो, पाकिटावरचं नाव डॉक्टरांना कळलं असतं, पण गोळ्या पोटात गेल्या आहेत अशी त्या रिकाम्या घरांनी सगळ्यांची पुन्हा फसवणूक केली असती. मला वाटलं, आता संपलं. इतक्यात दारातच ती थबकली आणि स्वतःशी पुटपुटली, "डब्यात ठेवलं असेल कार्टीने."

तिने तो डबा टेबलावर उपडा केला. बटणांचा ढीग झाला, काही घरंगळत खाली गेली आणि सगळ्यांत वर ते कार्ड पडलं. डोळ्यांजवळ धरून तिने वाचलं. ही व्यक्ती स्टेरॉइड घेते. औषध अचानक बंद करू नये. ताप, उलट्या किंवा अपघात झाल्यास डॉक्टरांना ताबडतोब कळवावे. "हे मला नाही सांगितलंस?" ती रिकाम्या दुकानाला म्हणाली. कार्ड घेऊन ती निघालीही असती, पण पन्नास वर्षांची सवय. घाईतसुद्धा तिचा एक हात सांडलेली बटणं डब्यात लोटत होता.

तो हात थांबला.

तिने एक बटण चिमटीत धरलं. अंगठा त्याच्यावरून फिरवला. पालथं केलं, पुन्हा फिरवला. भोकं नव्हती. मधे नुसती एक रेघ होती. तिने दुसरं उचललं, तिसरं उचललं. मग ती खुर्चीत बसली नाही, रडली नाही. दोन्ही हातांनी ढीग चाचपत तिने एकेक वेगळी काढली. तिची बोटं डोळ्यांपेक्षा भराभर काम करत होती. बावीस निघाल्या. रोजच्या दोन. चष्मेवाला दारातून हाका मारत होता आणि ती बोटांवर दिवस मोजत होती.

इस्पितळात तिने मूठ डॉक्टरांसमोर उघडली. "ही घेतच नव्हती. अकरा दिवस. कार्ड हे."

तरुण डॉक्टरांनी कार्ड वाचलं, गोळ्यांकडे पाहिलं आणि मागे न बघता परिचारिकेला त्याच रसाच्या इंजेक्शनचं नाव सांगितलं. शिरेतून, आत्ताच्या आत्ता. धावपळ झाली. ताई भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिने माझं एक टोक मुठीत असं आवळलं की तिथले आकडे अजून चुरगळलेले आहेत. तासाभराने रक्तदाब थोडा वर आला. आणखी काही वेळाने छोटीने डोळे उघडले.

"ताई," ती म्हणाली, "कोट राहिलाय."

"मसणात गेला कोट," ताई म्हणाली आणि मग रडली.

दोन दिवसांनी, खाटेवर उठून बसण्याइतकी छोटी बरी झाल्यावर, दोघींचं बोलणं झालं. ताईने विचारलं, "माझ्यापासून का लपवलंस?"

छोटी नखाने चादरीची शिवण कुरतडू लागली. "तू पुतळा आणलास ना, तेव्हा मला वाटलं माझी जागा भरली. मला फक्त पहिल्यासारखं व्हायचं होतं."

"अगं, तुझे पाय दुखू नयेत म्हणून आणला होता मी तो!"

"मग तसं म्हणायचंस ना."

"आणि तू? तू म्हणालीस?"

दोघींचं खरं होतं. त्या दोघींच्या मधे खाटेच्या दांडीवर मी लोंबत होतो, आणि मला वाटत होतं की सगळ्यांत जास्त चूक माझी. दर रविवारी तो आकडा तिला सांगणारा मीच होतो ना?

ताईलाही तसंच वाटलं असावं. घरी आल्यावर तिने मला गुंडाळून खणात ठेवलं आणि छोटीसाठी नवा टेप आणला, गुळगुळीत, निळा. चार महिने मी अंधारात होतो, सुया आणि तुटक्या झिपांच्या संगतीत. मी रुसलो नाही. मला ती शिक्षा बरोबर वाटली. पण तिथे पडल्या पडल्या मी पुष्कळ विचार केला. माझा आकडा खरा होता. कंबर वाढली होती, हे खोटं नव्हतं. फक्त ती का वाढली, किती दिवस वाढलेली राहील, ती कमी व्हावी म्हणून काय पणाला लावायचं आणि काय नाही, हे माझ्यावर छापलेलं नाही. ते डॉक्टरांना विचारायला हवं होतं. छोटीने एकदा जाऊन "मला हे सहन होत नाही" म्हटलं असतं, तर त्यांनी काहीतरी मार्ग काढला असता. काही दुसरं औषध, काही धीर, निदान चार शब्द.

चार महिन्यांनी निळा टेप ताणून लांब झाला. तो काही फार चांगल्या घरचा नव्हता. छोटीने त्याला पोलादी पट्टीशेजारी धरून पाहिलं, नाक मुरडलं आणि खण उघडला.

आता गोळी हळूहळू उतरते आहे. इतकी हळू की कधी कधी महिनाभर काहीच बदलत नाही. चेहरा थोडा ओसरला आहे, पुरता नाही. कंबर किती ते मला ठाऊक नाही, कारण रविवारचं मोजणं बंद झालं आहे. ती पूर्ण बरी होईल का, तिच्या त्या दोन झोपलेल्या ग्रंथी नीट उठतील का, हे डॉक्टरही छातीवर हात ठेवून सांगत नाहीत. मग मी कोण सांगणार?

परवा सकाळची गोष्ट. डॉक्टरांनी नुकतीच मात्रा जराशी कमी केली होती आणि छोटीचे खांदे पुन्हा जड झाले होते. न्याहारी झाली. तिने गोळी तळहातावर घेतली आणि तशीच बसली. मी तिच्या मानेवर होतो. तिची नाडी जोरात चालली होती. माझा जीव कासावीस झाला, पण मला काय करता येणार होतं? मी फक्त लोंबकळू शकतो. ताई समोर बटण लावत होती, खाली मान घालून.

"ताई," छोटी म्हणाली, "मला आज ही घ्यावीशी वाटत नाहीये. मी कंटाळलेय. खूप कंटाळलेय गं."

ताईने सुई कापडात खोचून ठेवली, खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी येऊन बसली. "बरं केलंस सांगितलंस," ती म्हणाली. "आजची घे. मी इथेच आहे. मग आपण दोघी डॉक्टरांना फोन करू." छोटीने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली. मग दोघींनी फोन लावला, आणि गणवेशांना त्या दिवशी उशीर झाला.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी रोज अशी गोळी घेत असेल. त्या माणसाचा चेहरा गोल झाला असेल, तो उगीच चिडत असेल. त्याच्या वाढलेल्या अंगावरून त्याला हसू नका. आणि तुम्हालाच कधी औषध नकोसं झालं, तर ते लपवू नका, आपल्या मनाने सोडूही नका. मोठ्याने सांगा, घरात सांगा, डॉक्टरांना सांगा. जवळचं कुणी तळहातावर गोळी घेऊन गप्प बसलेलं दिसलं, तर हातातलं काम खाली ठेवा आणि विचारा, "काय होतंय तुला?" एवढे तीनच शब्द आहेत. मी अकरा दिवस तिच्या गळ्यात होतो आणि मला ते विचारता आले नाहीत.